गाडी की माडी? स्पोर्टी बाईक सोडून ॲडव्हेंचर बाईक घेताना

नवी गाडी अंगणात उभी केली तेव्हा बायकोनं तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "अहो, ही गाडी आणलीत की माडी?" मागच्या सीटवर चढायला तिला गाडी ओटीच्या पायरीला लावून घ्यावी लागली. त्या दिवशी मी हसलो. चौथ्या दिवशी दाभोळच्या धक्क्यावर, फेरीबोटीच्या उतरत्या फळीवर, गाडी थांबल्या जागी आडवी झाली, तेव्हा हसू मावळलं. बोटीवरच्या पोरानं हात लावून गाडी उभी केली आणि म्हणाला, "दादा, पाय सोडायच्या आधी जमीन कुठाय ती बघायची."

गेली सहा वर्षं मी पूर्ण फेअरिंगवाली, म्हणजे पुढून आणि बाजूंनी कवच असलेली, २५० सीसीची स्पोर्टी गाडी चालवत होतो. गुहागरकडून चिपळूणला कामासाठी, आणि सासुरवाडीला दापोलीकडं धोपावे-दाभोळ फेरीनं. गाडीत खोट काहीच नव्हती. पण चाळिशी ओलांडली, मनगटं आणि मान बोलायला लागली, आणि वाडीतून डांबरी रस्त्याला लागेपर्यंतचा दीड किलोमीटरचा चिऱ्याचा रस्ता दर पावसाळ्यात गाडीच्या पोटाला घासायला लागला. मला ना लडाखला जायचंय, ना नदीत गाडी घालायची. तरी मी "ॲडव्हेंचर" म्हणून विकली जाणारी गाडी घेतली. ती घेताना मला जे कुणी नीट सांगितलं नाही ते इथं लिहितोय. नुसतं "बसायला आरामशीर आहे" एवढं ऐकून गाडी बदलणारे माझ्या ओळखीत आता चार जण झालेत, आणि चौघांनीही पहिल्या महिन्यात गाडी एकदा तरी पाडली आहे.

या प्रकारच्या गाड्यांचं मूळ साधारण १९८० साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या आर८० जी/एस या गाडीत सांगितलं जातं. नावातली दोन अक्षरं जर्मन शब्दांची, एक कच्च्या जमिनीसाठी आणि एक रस्त्यासाठी. पुढच्याच वर्षी तिनं पॅरिस-डाकार शर्यत जिंकली आणि उंच, लांब पल्ल्याची, कुठंही जाणारी गाडी ही कल्पना जगभर गेली. आपल्याकडे हिरोची इम्पल्स २०११ मध्ये आली, रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ मध्ये, हिरोचीच एक्सपल्स २०१९ मध्ये. आता तर साध्या गाडीला पुढं चोचीसारखं टोक आणि उंच काच लावली तरी ती ॲडव्हेंचर होते. म्हणून नावाकडं न बघता मापांकडं बघायचं.

मापं कशी बघायची त्याला एक सोयीचं उदाहरण आहे. सुझुकीची जिक्सर एसएफ २५० ही फेअरिंगवाली गाडी आणि व्ही-स्ट्रॉम एसएक्स ही ॲडव्हेंचर धाटणीची गाडी. दोघींत इंजिन एकच आहे, २४९ सीसीचं, २६.५ पीएस ताकदीचं. म्हणजे दोघींत जो फरक जाणवतो तो इंजिनाचा नाही, सांगाड्याचा आहे. सीटची उंची ८०० मिमीवरून ८३५. पोटाखालची जागा, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, १६५ वरून २०५. पुढचं चाक १७ इंचाऐवजी १९ इंच. दोन चाकांमधलं अंतर नऊ-दहा सेंटीमीटरनं जास्त. वजन १६१ किलोवरून १६७. सहा किलो, साडेतीन सेंटीमीटर, दोन इंच. कागदावर हे आकडे किरकोळ दिसतात. पण सीट, हँडल आणि फूटरेस्ट हे तीन बिंदू एकदा हलले की शरीराचा सगळा हिशेब हलतो.

हात, पाठ आणि वारा

त्या तीन बिंदूंचा त्रिकोण डोळ्यापुढं आणा. स्पोर्टी गाडीत हँडल खाली आणि पुढं, फूटरेस्ट वर आणि मागं. त्यामुळं धड पुढं झुकतं आणि त्याचा काही भार मनगटांवर येतो. ही रचना चुकीची नाही. ती वेगासाठी आहे. वेगात समोरून येणारा वारा छातीला मागं ढकलतो आणि मनगटावरचा तो भार काढून घेतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ४० किलोमीटरला जो दाब असतो त्याच्या सव्वासहा पट दाब ताशी १०० ला. शंभरच्या वेगात वारा तुम्हाला उशीसारखा टेकू देतो. चाळीसला देत नाही.

आता गुहागर ते चिपळूण आठवा. मार्गताम्हाण्याच्या पुढंमागं किती वेळ तुम्ही शंभरला असता? वळण, गुरं, एसटी, पुन्हा वळण. आपला सगळा प्रवास तीस ते पन्नास या वेगात. म्हणजे स्पोर्टी गाडीचा त्रास पुरेपूर आणि तिच्या बैठकीचा फायदा जवळपास शून्य. माझी मनगटं वयामुळं दुखत होती अशी माझी समजूत होती. अर्धं दुखणं वेगाच्या हिशेबाचं होतं.

ॲडव्हेंचर गाडीत हँडल वर, रुंद आणि जवळ येतं, फूटरेस्ट थोडे खाली आणि पुढं येतात. पाठ ताठ, गुडघे मोकळे. भार मनगटावरून निघून बुडावर जातो. इथवर सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत. ताठ बसलात की खालून आलेला प्रत्येक दणका सरळ कण्यातून वर येतो. पुढं झुकलेला माणूस दणक्याला थोडा कंबरेतून वाकतो, ताठ बसलेल्याला ती सवलत नाही. त्यामुळं ताठ बैठक आणि कडक शॉकॲप (दणका झेलणारा शॉक ॲब्सॉर्बर) एकत्र आले तर पाठीचं भलं होण्याऐवजी वाटोळं होतं. काही गाड्या नेमक्या अशाच असतात, दिसायला उंच आणि आतून रस्त्याच्या गाडीइतक्याच ताठर. पाठदुखीसाठी गाडी बदलणार असाल तर हँडलच्याही आधी शॉकॲप बघा.

खड्ड्यात चाक किती आणि शॉकॲप किती

मोठं चाक खड्डा गिळतं, असं विकणारा सांगतो. मी एका संध्याकाळी वही घेऊन बसलो. १७ इंची चाक टायरसकट साधारण ५८-५९ सेंटीमीटर व्यासाचं होतं, १९ इंची ६६ चं, २१ इंची ६९-७० चं. समजा फूटभर रुंदीचा खड्डा आहे आणि गाडी सावकाश त्यावरून जातेय. १७ इंची चाक त्यात सुमारे ४१ मिमी खाली उतरतं, १९ इंची ३६ मिमी, २१ इंची ३४ मिमी. पाच-सात मिलिमीटरचा फरक! पाखाडीची, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेची, दोन इंची पायरी चढायची म्हटली तरी तसंच. लहान चाकाला ती जरा उभी चढावी लागते, मोठ्याला जरा तिरपी, फरक दोन-तीन अंशांचा.

म्हणजे चाकाचा फायदा खरा आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. बाकीचं काम शॉकॲपचं. स्पोर्टी गाडीच्या पुढच्या शॉकॲपला दबायला साधारण १२०-१३० मिमी जागा असते. एक्सपल्स २०० फोर व्हीला पुढं १९० आणि मागं १७०. हिमालयन ४५० ला दोन्हीकडं २००. या आकड्याला ट्रॅव्हल म्हणतात आणि माहितीपत्रकात तो अगदी बारीक अक्षरात असतो. ट्रॅव्हल म्हणजे दणका पसरवायला मिळालेली जागा. तोच दणका कमी जागेत झेलायचा तर जोरात झेलावा लागतो, जास्त जागेत झेलायचा तर हळू. गच्चीवरून टाकलेला नारळ झेलताना हात मागं नेतो ना आपण, तेच.

या जागेचा काही भाग तुम्ही बसताच खर्च होतो. माणूस बसला की साधारण पाव ते तिसरा हिस्सा ट्रॅव्हल दबतो. २०० मिमीच्या गाडीवर हे पाच-सहा सेंटीमीटर होतात. त्यामुळं शोरूममध्ये रिकामी गाडी बघून "बापरे, केवढी उंच" म्हणणाऱ्यानं आधी बसून बघावं. उलट, मागं बायको, पुढ्यात पोर आणि बाजूला आंब्याची पेटी बांधली की मागचा शॉकॲप आणखी दबतो, पुढचं चाक हलकं होतं, हँडल भरकटल्यासारखं वाटतं, आणि रात्री हेडलाईटचा झोत रस्ता सोडून माडांच्या झावळ्यांवर पडतो. समोरचा शिव्या घालतो ते वेगळंच. याला उपाय मागच्या शॉकॲपची पायरी वाढवणं, गॅरेजवाल्याकडच्या सी-पान्यानं पाच मिनिटांचं काम. त्यानं स्प्रिंग "कडक" होते हा मात्र गैरसमज. स्प्रिंग तीच राहते, फक्त ती आधीपासून जरा दाबून ठेवल्यामुळं वजन पडल्यावरही गाडी उंचावर राहते. एकट्यानं फिरताना ती पायरी परत कमी करायची. हे कुणी करत नाही. मीही दोन महिने केलं नव्हतं.

उभं राहून चालवण्याचाही अर्थ इथंच लागतो. उभं राहिलं की गुरुत्वमध्य खाली येतो असं बरेच जण छातीठोक सांगतात. येत नाही. उभं राहिल्यावर तुमचं वजन वर जातं. फायदा दुसराच आहे. गाडी आणि तुम्ही वेगळे होता. खाली गाडीनं काय नाचायचं ते नाचावं, वर तुमचे गुडघे दुसऱ्या शॉकॲपसारखं काम करतात. कातळावरून, सड्यावरच्या पायवाटेवरून जाताना हे लगेच पटतं. स्पोर्टी गाडीवर हे जमत नाही, कारण उभं राहिलं की हँडल गुडघ्याशी राहतं आणि माणूस भात लावणीला उभा राहिल्यासारखा वाकतो.

शून्य वेगातलं पडणं

आता दाभोळच्या फळीकडं येतो. उंच गाडी वेगात पडत नाही, थांबताना पडते. गाडी सरळ उभी असते तेव्हा तिचं सगळं वजन चाकांवर असतं, तुम्हाला फक्त तोल धरायचा असतो. ती कलली की वजनाचा काही वाटा तुमच्याकडं येतो, आणि तो कलण्याबरोबर भराभर वाढतो. ढोबळ हिशेब असा. १६५-१७० किलोची गाडी १० अंश कलली तर बाजूला उभं राहून हँडलपाशी धरायला साधारण १५-१६ किलोचा जोर लागतो. ३० अंश कलली तर ४५ च्या वर. दहा अंशांपर्यंत कुणीही सावरतो, तिसाला पैलवानही देवाचं नाव घेतो. गाडी जितकी उंच तितका हा जोर जास्त. त्यात टाकी भरलेली असेल तर दहा-पंधरा किलो पेट्रोल सगळ्यात वरच्या मजल्यावर.

यात जमिनीचा वाटा मोठा. सपाट रस्त्यावर माझा पाय व्यवस्थित टेकत होता. धक्क्याच्या फळीला उतार होता, डावी बाजू जेमतेम दोन इंच खाली. तेवढ्या दोन इंचांत माझा पाय हवेत राहिला, आणि तो जमिनीला लागेपर्यंत गाडी आपल्या मर्जीनं कललेली होती. शिवाय मी हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला होता. चालण्याच्या वेगात हँडल वळवून पुढचा डिस्क दाबला की गाडी वळणाच्या आतल्या बाजूला धपकन कोसळते. लहान, खालच्या गाडीवर पाय टेकवून ही चूक रोज माफ होते, म्हणून ती चूक आहे हेच आपल्याला माहीत नसतं.

थांबताना हँडल सरळ ठेवायचं. शेवटच्या दोन मीटरला उजव्या पायानं मागचा ब्रेक धरायचा आणि डावा पाय खाली सोडायचा. दोन्ही पायांचे चवडे टेकवायच्या नादाला लागण्यापेक्षा बूड सीटवर इंचभर सरकवून एकच पाय पुरता टेकवणं चांगलं. आणि बोटीवरचा पोरगा म्हणाला तसं, आधी जमीन बघायची, उंचवटा असेल त्या बाजूचा पाय सोडायचा. पाय पोचत नाहीत म्हणून लगेच गाडीच खाली उतरवून घेऊ नका. तसं केलं की चाकांचा कोन बदलतो, साईड स्टँड लांब पडतो, आणि पोटाखालची जागा, जिच्यासाठी गाडी घेतली, तीच कमी होते. सीटवाल्याकडून पुढच्या भागातला फोम दोन्ही कडांनी तासून घेतला तर मांड्या जवळ येतात आणि पाय आपोआप खाली पोचतात. सीटच्या उंचीइतकीच तिची रुंदीही पाय अडवते, हे सीटवाल्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

साईड स्टँडचा विषय निघालाच आहे तर, पावसाळ्यात तांबड्या मातीत आणि वर्षभर वाळूत तो रुततो आणि उंच गाडी सावकाश, आवाज न करता झोपते. डिकीत एक चपटी चीप किंवा लाकडाचा तुकडा ठेवा. नाही मिळालं तर नारळाचं सोडण कुठंही पडलेलं असतं.

वळणं आणि ब्रेक

कुंभार्ली घाट मी जुन्या गाडीवर शेकडो वेळा उतरलो असेन. नव्या गाडीवर पहिल्याच मोठ्या वळणाला वाटलं, पुढचं चाक माझं ऐकतच नाही. स्पोर्टी गाडीत तुमचं वजन पुढच्या चाकावर असतं आणि रस्त्याची खबर थेट तळहाताला मिळते. उंच गाडीत तुम्ही मागं आणि वर बसलेले, मध्ये लांब दबणारा शॉकॲप, त्यामुळं तीच खबर उशिरा आणि मऊ होऊन येते. मोठं, जड चाक फिरताना आपला कल सोडायला थोडं नाखूष असतं, भोवऱ्यासारखं. त्याची भरपाई रुंद हँडल करतं, कारण लांब दांड्यानं कमी जोरात तेवढंच वळवता येतं. म्हणजे जोर कमी लावायचा, पण थोडा आधी लावायचा. महिनाभरात हे हातात बसतं. खरं सांगायचं तर कोरड्या, गुळगुळीत डांबरावरच्या घाटात जुनी गाडी आजही जास्त मजा देईल. ती मजा मी गमावली, आणि अधूनमधून तिची आठवण येते.

ब्रेकचं मात्र हातात बसेपर्यंत थांबायला नको, पहिल्या दिवशीच शिकून घ्या. लांब शॉकॲपवर एकदम पुढचा ब्रेक दाबला की नाक खाली जातं, वजन पुढं येतं आणि मागचं चाक हलकं होतं. घाबरायचं कारण नाही, पण ब्रेक दोन टप्प्यांत दाबायचा. आधी हलकेच, नाक खाली जाऊन स्थिरावेपर्यंत, मग पाहिजे तेवढा. उतारावर सेकंड गिअर आणि इंजिनचा ओढा हे अर्धं काम करतात.

चिखलात तर सवय उलटीच करावी लागते. डांबरावर वळताना आपण गाडीसोबत, किंवा तिच्याही पुढं, आत झुकतो. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरउतारावरची लाल माती वाहून रस्त्यावर पसरते तिथं असं झुकाल तर चाक निसटताच तुम्ही तिच्याबरोबर खाली. चिखलात अंग सरळ ठेवून फक्त गाडी आपल्याखाली कलू द्यायची. मग चाक थोडं घसरलं तरी तुमचं वजन चाकांच्या वरच असतं आणि सावरायला क्षणभर मिळतो. नजर चाकापुढच्या चिखलावर नको, जिथून बाहेर पडायचं तिथं.

शेवाळासाठी मात्र यातलं काहीही उपयोगाचं नाही. सिमेंटच्या कडेला, पाखाडीवर, देवळापुढच्या फरसबंदीवर श्रावणात जे हिरवं साठतं त्यावर दोनशे मिमी ट्रॅव्हलही कामाचा नाही आणि रबराच्या गोट्यांचं टायरही नाही. उतरायचं आणि ढकलायचं.

टायर, एबीएस, पंक्चर

रबराचे मोठे गोटे असलेलं टायर मऊ मातीत रुतून पकड घेतं, पण ओल्या डांबरावर रस्त्याला चिकटणारं रबरच कमी उरतं, शिवाय ते आवाज करतं आणि लवकर झिजतं. आपला बहुतेक प्रवास डांबरावरचा, म्हणून कंपनीतून येतं ते मधल्या जातीचं टायरच राहू द्यावं असं माझं मत. काही गाड्यांत मागच्या चाकाचं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, बंद करता येतं. सुट्या खडीच्या उतारावर अडकलेलं चाक खडीचा छोटा ढीग पुढं लोटत जातं आणि त्यानं गाडी लवकर थांबते, एबीएस तो ढीग होऊच देत नाही, म्हणून ही सोय. डांबराला लागलात की परत चालू करा.

पंक्चरबद्दल जरा जास्त सांगतो, कारण आपल्याकडं वेळणेश्वर-हेदवीच्या बाजूला रविवारी दुपारी पंक्चरवाला शोधणं म्हणजे भर मे महिन्यात एसटीत खिडकी मिळवणं. तारांची चाकं दणका छान सोसतात, वाकली तरी सरळ करता येतात. पण बऱ्याच तारांच्या चाकांत ट्यूब असते. एक्सपल्सला आणि जुन्या ४११ सीसीच्या हिमालयनला होती. ट्यूब म्हणजे चाक काढा, टायर उचका, ट्यूब बाहेर ओढा. ट्यूबलेस टायरमधला खिळा उपटून भोकात रबराची स्ट्रिप भरली, छोट्या पंपानं हवा मारली, की दहा मिनिटांत रस्त्याला. स्पोर्टी गाडीला ट्यूबलेस असतंच, म्हणून आपण ते गृहीत धरतो. गाडी बदलताना हे पहिल्यांदा विचारायचं. तारांच्या चाकांना खाऱ्या हवेचं आणखी एक दुखणं आहे. तारेच्या मुळाशी, जिथं ती रिमला बसते तिथं, गंज धरतो. फेरीबोटीवर फवारा बसला किंवा किनाऱ्यालगत दिवस काढला की गोड्या पाण्यानं गाडी धुवून चेनला तेल द्यायचं, मग ती गाडी कोणत्याही जातीची असो.

मागे बसणारी

स्पोर्टी गाडीची मागची सीट ही नावापुरती असते. उंच, अरुंद, उतरती, पाय पोटाशी. बायको सहा वर्षं त्यावर बसली आणि दर ब्रेकला माझ्या पाठीवर आदळली. नव्या गाडीची सीट रुंद आहे, पाय खाली सुटतात, धरायला दोन्ही बाजूंना हँडल आहे. तिच्या दृष्टीनं गाडी बदलण्याचं एवढं एकच कारण पुरेसं होतं, आणि मी वर लिहिलेलं सगळं गणित म्हणजे तिच्या मते खर्चाला शोधलेली कारणं.

चढण्याची अडचण मात्र खरी आहे. साडीत एका बाजूनं बसणाऱ्या बाईला एवढ्या उंच सीटवर चढायला फूटरेस्ट भक्कम लागतो, आणि ती चढताना सगळं वजन एकाच बाजूला येतं. चालवणाऱ्याचे पाय जेमतेम टेकत असतील तर दोघंही खळ्यात. म्हणून आमचा नियम ठरला आहे. आधी मी बसतो, दोन्ही पाय टेकवतो, ब्रेक धरतो आणि "बस" म्हणतो. न सांगता ती चढत नाही, उतरतही नाही. बाजूला साडीची जाळी आहे ना हेही बघून घ्या. मागच्या चाकाला अशी आडोशाची सोय असणं आपल्या नियमांतच आहे, पण डबे लावायच्या नादात लोक ती काढून टाकतात.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. उंच, रुंद गाडी वाऱ्याला जास्त अडते. साठपर्यंत फरक कळत नाही, नव्वदच्या पुढं पेट्रोल आणि मान दोन्ही सांगतात. पावसाळ्यात भाट्याच्या पुलासारख्या उघड्या पुलावर आडवा वारा गाडीला अख्ख्या टायरच्या रुंदीनं सरकवतो. त्या वेळी हँडल घट्ट आवळायचं नाही, वेग कमी करून हात सैल ठेवायचे.

शोरूममध्ये जाल तेव्हा

ज्याचा रोजचा रस्ता रुंद काँक्रीटचा आहे, घर हायवेला लागून आहे आणि मागं कुणी बसत नाही, त्यानं स्पोर्टी गाडी सुखानं ठेवावी. तिच्यात सुधारणाच हवी असेल तर थोडं उंच हँडल बसतंय का ते विचारावं, ते खूप स्वस्तात होतं.

बदलायचीच असेल तर आधी सीसी ठरवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के, म्हणून २५० आणि ४५० मधली किमतीची दरी आणखी रुंदावली. चाळीसच्या वेगात आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या चढणीला कमाल ताकदीपेक्षा खालचा पिकअप जास्त कामाला येतो. माहितीपत्रकात टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या ओढण्याच्या जोराच्या, आकड्यापुढं तो किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळतो ते लिहिलेलं असतं. हिमालयन ४५० चा ४० एनएम टॉर्क ५५०० ला येतो. यामाहा आर१५ चा १४.२ एनएम ७५०० ला. घाटात गिअर किती वेळा बदलावा लागेल याचा अंदाज यावरून येतो.

आणि टेस्ट राईड शोरूमच्या पुढच्या सरळ रस्त्यावर घेऊ नका. चढाची जागा बघा, मागं बसणारं माणूस सोबत न्या, त्याला बसवा, चढावर थांबा, पुन्हा निघा, मग यू टर्न घ्या. चिपळूणच्या शोरूममधल्या पोराला मी हे सगळं करून दाखवायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, एवढं कोण करत नाही." बायको मागून म्हणाली, "आम्ही पाडून बसलोय म्हणून करतोय." ही टेस्ट राईड माझ्या मेहुण्याच्या गाडीसाठी होती. स्वतःची घेताना मीही सरळ रस्त्यावर एक चक्कर मारून चेक फाडला होता.